गिटारच्या नेकपायी २४,७६० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

बॉडी मी लकडगंजातून आणलेल्या सागाची कापली होती. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचे खड्डे पटाशीने खोदले, तारा खालच्या टोकाला टेकतात त्या ब्रिजची जागा ६४८ मिलिमीटरच्या स्केलनुसार, म्हणजे तारेच्या मोकळ्या लांबीनुसार आखली. राहिली फक्त नेक, म्हणजे बोटं फिरतात तो दांडा. नेक वाकू नये म्हणून आत बसणाऱ्या ट्रस रॉडची चर पाडायला राउटर हे यंत्र नाही आणि फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा जराशा चुकल्या तरी गिटार सुरात लागत नाही, म्हणून तयार मेपल नेक विकणाऱ्याला ऑनलाइन गाठलं. स्वस्ताच्या मोहाने नाही. भाव बाजाराइतकाच होता, म्हणून तर संशय आला नाही.

नेक, पिकअप, वायरिंग मिळून १८,५०० घेतले. मग कुरिअरचे २,३६०. मग ‘माल कस्टममध्ये अडकला’ म्हणून ३,९००. मुंबईहून नागपूरला येणाऱ्या पार्सलला कसली कस्टम ड्युटी? पुढे फोन बंद.

पण खरं तर सगळं आधीच दिसत होतं. पहिले पैसे जाण्यापूर्वी त्याने व्हिडिओ पाठवला, नेकवर टेप धरलेली. नटपासून, म्हणजे तारा टेकणाऱ्या वरच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत आकडा स्वच्छ, ३१४. बारावा फ्रेट स्केलच्या बरोबर मध्यावर असतो. ६४८ चे अर्धे ३२४. म्हणजे ती नेक आखूड स्केलच्या भलत्याच गिटारची! मी विचारलंही. ‘सर, टेप सरकली असेल.’ दहा मिलिमीटर सरकते टेप? पण तो फ्रेटबोर्डची रेडियस, अल्निको मॅग्नेट असं सगळं अचूक बोलत होता. कुणीही विश्वास ठेवला असता.

विकणाऱ्याकडून तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी नेकवर ठेवून व्हिडिओ मागा. नाही म्हणाला की फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात मलाच विचारलं, ‘गिटार घरी काहून बनवता? दुकानातून घ्या ना.’ सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. यूपीआय आयडी, खाते क्रमांक, चॅट, सगळं छापून नेलं; कुणी पान उलटून पाहिलं नाही. अर्ज ठेवून घेतला, पण पोच मागितली तर साहेब नाहीत. छंदाचे पैसे चोरले तर ती चोरी नाही का? चोराचा पत्ता त्या खात्यात बसलाय आणि मलाच उलटतपासणी!

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच क्षणी फोन करा. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं होतं.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने फिरतोय. निळ्या चादरीवर नेक, भाव १६,०००. टेपवरचा आकडा वाचा.