उन्हाळी रिसर्च प्रोजेक्ट: अकादमीची फेलोशिप आणि पाषाण-गणेशखिंडीतली दारं

मे-जूनच्या सुट्टीत खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, तर पुण्यातल्या बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, तीन विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप. दुसरी, पाषाण किंवा गणेशखिंडीतल्या एखाद्या शास्त्रज्ञाला थेट मेल. दोन्हींबद्दल कॉलेजात बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात आणि त्यापायी चांगल्या मुलांची एक सुट्टी फुकट जाते.

मत आधीच सांगून टाकतो. फेलोशिपला पाचपैकी चार. थेट मेलला दोन किंवा पाच, कारण तिथे सगळं तुमच्या मेलवर आहे. आणि सर्वात मोठी चूक म्हणजे फेलोशिपचा अर्ज भरून फेब्रुवारीपर्यंत वाट बघत बसणं. पुण्यात राहणाऱ्याने दोन्ही कामं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सुरू करावीत.

फेलोशिप: काय मिळतं, काय मिळत नाही

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी (सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली), दिल्लीची इन्सा (भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) आणि प्रयागराजची नासी (राष्ट्रीय विज्ञान अकादमी) या तिघींचा हा एकत्रित कार्यक्रम. सुमारे दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधन संस्थेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम, दरमहा विद्यावेतन आणि ठराविक मर्यादेत रेल्वेचं भाडं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र, अभियांत्रिकी, सगळ्या शाखा चालतात.

हिचा खरा गुण असा की ओळख लागत नाही. मंचरच्या, भोरच्या किंवा जुन्नरच्या कॉलेजातली मुलगी आणि फर्ग्युसनमधला मुलगा एकच फॉर्म भरतात. ज्यांच्या घरात आजवर कुणी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी इतकं सरळ दार दुसरं क्वचितच असेल.

उणिवा तीन. मार्गदर्शक कोण मिळणार हे शेवटी अकादमी ठरवते. निवड टप्प्याटप्प्याने कळते, त्यामुळे मार्च उजाडला तरी मूल अधांतरी असतं. आणि राहण्याची सोय संस्थेगणिक वेगळी. हैदराबाद किंवा कोलकाता मिळालं, तर निवडीचं पत्र हातात पडल्याच्या दिवशी हॉस्टेलची चौकशी करा. मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात.

फॉर्ममध्ये गुणपत्रिका, प्राध्यापकांचं शिफारसपत्र आणि २५०-एक शब्दांचं टिपण लागतं. मुलं जीव काढतात गुणपत्रिकेवर, आणि टिपण शेवटच्या रात्री लिहितात. उलट करायला हवं. गुण आता बदलणार नाहीत, टिपण बदलता येतं.

बहुतेक टिपणांची सुरुवात अशी असते: ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे आणि समाजासाठी काहीतरी करायची इच्छा आहे.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आता हे पाहा: ‘प्रात्यक्षिकात आम्ही हळदीच्या अर्काची पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी (टीएलसी) केली. कर्क्युमिनचा एकच ठिपका येईल असं वाटलं होतं, पण तीन आले. उरलेले दोन कर्क्युमिनचेच भाऊबंद आहेत, त्यांच्यात मेथॉक्सी गट कमी आहेत, हे नंतर वाचलं. एवढ्याशा फरकाने रेणू प्लेटवर वेगळ्या उंचीला का जातो, आणि तो फरक वापरून ते स्वच्छ वेगळे कसे करायचे, हे मला शिकायचं आहे.’ यात हातून झालेलं काम आहे, अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं ते आहे आणि पुढचा प्रश्न आहे. महागडं उपकरण लागलेलं नाही. असं काहीतरी प्रत्येकाच्या जर्नलमध्ये सापडतं, फक्त ते जर्नल परत उघडावं लागतं.

शिफारसपत्राची गोष्ट वेगळीच. सरांना किंवा मॅडमना अर्जाच्या मुदतीआधी तीन आठवडे सांगा, आणि सांगताना हातात एक पान द्या: कोणते विषय त्यांच्याकडे शिकलात, कोणतं प्रात्यक्षिक नीट केलं, टिपणाचा मसुदा. पानावर काही नसेल तर पत्रात ‘कष्टाळू आणि नम्र’ एवढंच येतं. पत्र मागणारी मेल स्पॅममध्ये जाते, म्हणून पाठवल्यावर विभागात जाऊन विचारा. फोनवर ‘हो हो, टाकतो’ असं म्हटलं म्हणजे पत्र गेलं असं नाही.

केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर आणखी एक हिशेब: वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी ६०,००० थेट मिळतात, उरलेले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी असतात. त्यासाठी मार्गदर्शकाच्या सहीचं प्रमाणपत्र आणि अहवाल लागतो. सही पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा, जुलैमध्ये मार्गदर्शक परिषदेला गेलेले असू शकतात.

थेट मेल

पुण्याची श्रीमंती इथे आहे. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), तिला लागून आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), पुढे आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था). विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र), एनसीसीएस (पेशीविज्ञान), सी-डॅक (संगणक). आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. सगळं पीएमपीच्या अंतरात, घरचा डबा घेऊन जाता येईल असं. बाहेरगावच्या मुलाला दोन महिन्यांचं भाडं भरून जे मिळतं, ते तुम्हाला कात्रजहून बस बदलून मिळतं.

मेलचं साधं गणित. एका वेळी एकाच शास्त्रज्ञाला. चाळीस जणांना एकत्र पाठवलेली मेल पहिल्या ओळीतच ओळखू येते. लांबी १५० ते २०० शब्द. विषयाच्या ओळीत वर्ग, महिने आणि कामाचं नाव. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधातली एक आकृती आणि त्यावर तुमचा एक प्रश्न. दुसऱ्यात तुम्हाला काय येतं. तिसऱ्यात नेमक्या तारखा. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि गुणपत्रिका, एकाच पीडीएफमध्ये. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.

‘तुम्हाला काय येतं’ या परिच्छेदात मुलं पायथॉन, एक्सेल, टीमवर्क अशी यादी देतात. यादीपेक्षा एक नमुना पाठवा. आयआयटीएमसारख्या ठिकाणी हवामानाचं काम करायचं असेल तर हे करून पाहा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचं पुणे कार्यालय १९०१ पासूनची रोजच्या पावसाची माहिती ०.२५ अंशांच्या जाळ्यात मोफत देतं. एका सर्वसाधारण वर्षाची फाइल घ्या: १३५ रेखांश, १२९ अक्षांश, ३६५ दिवस. १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व हा पुण्याजवळचा बिंदू. जून ते सप्टेंबरची बेरीज काढा. मग एक घर पश्चिमेला, ७३.५ वर, तीच बेरीज काढा. मध्ये २६-एक किलोमीटर अंतर, पण तिकडे घाट सुरू होतो आणि आकडा झटकन चढतो. सगळ्या महाराष्ट्राची सरासरी काढायला गेलात तर ती कदाचित ऋण येईल. कारण जिथे माहिती नाही, उदाहरणार्थ अरबी समुद्रावर, तिथे −९९९ भरलेलं असतं आणि ते वगळायला तुम्ही विसरलात. ही चूक स्वतः सापडणं, दुरुस्त करणं आणि दोन ओळींत लिहिणं हाच नमुना. एक आलेख, दोन ओळी, बास.

प्रयोगशाळेतल्या कामासाठी असा नमुना पाठवता येत नाही, पण पहिल्या दिवशी परीक्षा होतेच, तिला कुणी परीक्षा म्हणत नाही इतकंच. ‘अर्धा मोलर मीठ, ५०० मिली बनव.’ सोडियम क्लोराइडचा रेणुभार ५८.४४, म्हणजे १४.६१ ग्रॅम. इथपर्यंत सगळे येतात. मग बरीच मुलं मिठावर मोजून ५०० मिली पाणी ओततात, तेही बीकरच्या रेघेवर. मीठ साधारण ४०० मिलीमध्ये विरघळवायचं आणि मग मोजपात्रात ५०० पर्यंत पाणी घालायचं, कारण विरघळलेलं मीठही जागा घेतं आणि बीकरवरची रेघ निव्वळ अंदाजाची असते. तसंच ५०-एक्सच्या, म्हणजे पन्नासपट तीव्र, टीएई बफरपासून (डीएनएच्या जेलसाठी लागणारं द्रावण) एक लिटर १-एक्स: २० मिली साठा, ९८० मिली पाणी. बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख. एवढं न विचारता करणाऱ्याला दुसऱ्याच आठवड्यात स्वतःचं काम मिळतं. बाकीचे महिनाभर दुसऱ्याच्या मागे उभे राहून बघतात.

काही ठिकाणी विद्यार्थ्याकडून प्रशिक्षण शुल्क घेतात, काही ठिकाणी विम्याचा कागद मागतात. मेलचं उत्तर आलं की लगेच हे विचारावं, त्यात संकोच नको. कॉलेजचं ना-हरकत पत्र (एनओसी) मात्र सगळीकडे लागतं. प्राचार्यांच्या सहीला परीक्षेच्या दिवसांत आठवडा सहज जातो. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे का, तेही आत्ताच पाहा. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर विद्यावेतन अडकतं.

खगोलवाल्यांसाठी

यांचं वेगळं सांगावं लागतं, कारण इथे मेलपेक्षा ठरलेले कार्यक्रम मोठे. आयुका आणि एनसीआरए डिसेंबरमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. बी.एस्सी.च्या मुलांनी सुरुवात इथून करावी. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झची रेषा पुस्तकात वाचणं आणि ती ॲंटेनाने पकडणं यांत फार अंतर आहे. एम.एस्सी.च्या शेवटून दुसऱ्या वर्षाला असाल तर आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम सोडू नका. तिथे काम चांगलं झालं तर पीएच.डी.च्या निवडीचा रस्ताही तिथूनच जातो. एनसीआरएचा व्हीएसआरपी हा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम त्याच जातीचा.

आणि २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. आयुकात गर्दी असते, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गावंच्या गावं लोटतात: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथे पोस्टरजवळ उभ्या असलेल्या पीएच.डी.च्या मुलामुलींना गाठा. कोणत्या गटात उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात, कुठे मार्गदर्शक खरंच वेळ देतात, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान कार्यक्रम आहे. पुण्याहून सकाळच्या गाडीने जाण्यासारखं. लवकर अर्ज करा, तिसऱ्या वर्षाला आल्यावर उशीर होतो.

पैसे घेऊन मिळणारी इंटर्नशिप

‘चार आठवडे, सर्टिफिकेटसह’ अशा जाहिराती कॉलेजच्या ग्रुपवर येतात. सगळ्या वाईट असतात असं नाही. तीन प्रश्न विचारा. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची चाचणी) मी स्वतः लावणार की दहा जणांत एक नळी? काम कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधतंय? सही करणाऱ्याने गेल्या पाच वर्षांत काय प्रसिद्ध केलं? उत्तरं गोलमोल असतील तर ते पैसे एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चांगल्या प्रशिक्षणावर घाला. हडपसर-मुळशीकडच्या औषध कंपन्यांत क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी हवी असेल तर तेच उपयोगी पडतं. क्रोमॅटोग्रामवरचं शिखर पसरट का आलं, हे सांगता येणाऱ्या मुलाला मुलाखतीत प्रमाणपत्र काढावंच लागत नाही.

५६ दिवस

आठ आठवडे म्हणजे वाटतात त्याहून थोडे. पहिले दोन शिकण्यात जातात. प्रायमर (पीसीआरसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले तर यायला आठवडा-दहा दिवस. गोठवलेल्या पेशी वाढीला लागायला आठवडा, मध्ये बुरशी लागली तर पुन्हा पहिल्यापासून. रसायनशास्त्रात पदार्थ वेगळे करणाऱ्या एका कॉलमला दिवस जातो आणि रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राला रांग. म्हणून मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा: ‘सर, यातलं कोणतं काम सहाव्या आठवड्यापर्यंत हो किंवा नाही असं सांगेल?’ मोठा प्रश्न घेऊन अर्धवट राहण्यापेक्षा लहान प्रश्न पुरा झालेला बरा. अहवालही त्याचाच लिहिता येतो.

दुसरी अडचण परीक्षांची. सत्र परीक्षा मे महिन्यात सरकली तर प्रोजेक्टची तारीख हुकते. मेलमध्ये ‘परीक्षा संपल्याच्या तिसऱ्या दिवसापासून’ असं लिहा आणि वेळापत्रक लागताच कळवा. बहुतेक शास्त्रज्ञ समजून घेतात. न सांगता पंधरा दिवस उशिरा उगवणाऱ्याला मात्र पुढे शिफारसपत्र मिळत नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण) असतं. हेच काम त्यात धरता येईल का, हे विभागात एप्रिलच्या आधी लेखी विचारून घ्या. काम झाल्यावर विचारलं तर तासांची नोंद नसल्यामुळे अडतं, म्हणून रोजची हजेरी मार्गदर्शकांच्या सहीने ठेवा.

हे पुढे कुठे जातं, असं घरचे विचारतात. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००. आईवडिलांना हा आकडा सांगा, संशोधन म्हणजे बिनपगारी शिक्षण हा समज त्याने बराच कमी होतो.

शेवटचा आठवडा प्रयोगांचा नाही. नळ्यांवर नाव, तारीख आणि आत काय आहे हे लिहून उणे २० च्या फ्रीझरमधल्या डब्यात लावा आणि डब्याची यादी वहीत चिकटवा. वही प्रयोगशाळेचीच असते, तिथेच ठेवायची. परवानगी घेऊन तिच्या प्रती काढा. कोड आणि आलेख एका फोल्डरमध्ये, सोबत कोणती फाइल आधी चालवायची ते सांगणारी चार ओळींची टीप. ऑगस्टमध्ये तुमच्या जागी बसणाऱ्या मुलीला ती टीप वाचून तुमचा आलेख पुन्हा काढता आला पाहिजे.