एक दुहेरी अडॅप्टर की दोन एकेरी?
घरात आजीची आणि ऑफिसच्या कामाची अशा दोन लाइन असतील, तर ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०२ (साधा फोन इंटरनेटवरून चालवणारा अडॅप्टर) एकाच डबीत दोन्ही फोन सांभाळतो; फोन जोडायच्या प्रत्येक पोर्टला स्वतंत्र एसआयपी (इंटरनेट फोनसेवेचे) खाते देता येते आणि हँडसेटवर तीनदा स्टार व मग ०२ दाबले की तो आपला आयपी पत्ता वाचून दाखवतो, म्हणजे शोधाशोध वाचते. मात्र डबी बिघडली की दोन्ही फोन मुके.

एकेका फोनचे दोन एचटी८०१ घेतल्यास हा धोका टळतो आणि आजीचा फोन तिच्याच खोलीत ठेवता येतो (लॅनची वायर तिथवर न्यावी लागते, हे आधी कोणी सांगत नाही). मात्र एकाच राउटरमागे दोघांनाही ५०६० हाच स्थानिक पोर्ट (वायरची जागा नव्हे, सेटिंगमधला क्रमांक) राहिला, तर काही राउटर गोंधळतात. दुसऱ्याला ५०६२ द्यावा. खोल्या जवळ असतील, तर मी एचटी८०२च घेईन.