लिबरऑफिस रायटर: अनेक हातांखालच्या मशीनवर टूलबार किती बदलावा?

रत्नागिरीतल्या आमच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात प्रतिज्ञापत्रे, तहसील कचेरीतले अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर आणि आंब्याच्या हंगामात बागायतदारांची बिले व पेट्यांची लेबले अशी कामे चालतात. एकाच मशीनवर सकाळी एक जण बसतो आणि संध्याकाळी दुसरा. लिबरऑफिस रायटर हे मजकूर टाइप करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आम्ही रोज वापरतो. या परीक्षणात त्याच्या एकाच बाजूचा विचार केला आहे: पडद्यावरच्या टूलबारवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर, किती बटणे असावीत आणि ती कोणी ठरवावीत.

ओपनऑफिस या जुन्या मोफत सॉफ्टवेअरपासून 2010 मध्ये वेगळ्या झालेल्या या प्रकल्पाने हा प्रश्न वापरणाऱ्यावरच सोपवला आहे. व्ह्यू मेनूतल्या ‘यूझर इंटरफेस’मध्ये रायटरसाठी सात मांडण्या मिळतात. जुन्या वळणाच्या दोन ओळींचे टूलबार, टॅबची मांडणी, एकाच ओळीचा टूलबार, साइडबार वगैरे. नव्या माणसाला बसवायचे असेल, तर माझी पसंती निःसंशय एका ओळीच्या टूलबारला आहे. नव्या माणसाची नजर बटणे शोधण्यात अडकत नाही, ती मजकुरावर राहते. कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे सेव्हचे बटण डोळ्यांसमोर असणे ही आमच्यासाठी शोभेची गोष्ट नाही. मजकुरात बदल झाला की त्या बटणाचे चित्र बदलते आणि काम जतन व्हायचे राहिले आहे हे लांबूनही कळते. असा छोटा, अचूक इशारा मला दहा जादा बटणांपेक्षा मोलाचा वाटतो.

बटणे आपोआप लपवणे किंवा आणणे म्हणजे साधेपणा, असे मात्र मी मानत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापराच्या आज्ञा मेनूतून आपोआप दिसेनाशा होत, आणि कालपर्यंत जागेवर असलेली गोष्ट आज तिथे नसल्यामुळे लोक वैतागत. पुढे ऑफिस 2007 मध्ये रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली, तेव्हा टूलबार मनासारखे रचण्याची मोकळीक जवळजवळ संपली आणि वर एक लहानशी क्विक ॲक्सेस पट्टी तेवढी उरली. रिबन बदलण्याची सोय 2010 च्या आवृत्तीत द्यावी लागली, यातच वापरणाऱ्यांची गरज दिसते.

तशी गरज आम्हालाही आहे. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवते आणि तो कुठून तरी उचललेला असल्यामुळे सोबत भलताच फॉन्ट, रंग आणि अंतरे घेऊन येतो. अशा वेळी निव्वळ मजकूर चिकटवणारी ‘पेस्ट अनफॉर्मॅटेड टेक्स्ट’ ही आज्ञा दिवसभर लागते. टूल्स मेनूतल्या ‘कस्टमाइझ’मधून तिचे बटण टूलबारवर आणता येते. मात्र ती खिडकी शिकाऊ माणसासाठी नाही. आज्ञांची यादी लांबलचक आहे, नावे तांत्रिक आहेत आणि शोधायची चौकट नसती तर तिथे कोणी फार वेळ थांबले नसते.

त्याच खिडकीत ‘स्कोप’ नावाचा एक पर्याय आहे आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली सर्वांत शहाणपणाची सोय तीच आहे. तिथे टूलबारमधला बदल संपूर्ण रायटरला लागू करण्याऐवजी केवळ उघडलेल्या फाइलपुरता ठेवता येतो. आंब्याच्या बिलाच्या फाइलला तिची मोजकी बटणे द्यावीत. ती फाइल उघडली की ती बटणे दिसतात आणि बाकीच्या कामांसाठी रायटर जसा होता तसाच राहतो. अनेकांच्या हाताखालच्या मशीनवर बदल कामाशी बांधलेला असावा, माणसाच्या आवडीशी नव्हे. ज्याला स्वतःच्या आवडीची रचना हवीच असेल, त्याला विंडोजमध्ये वेगळे खाते काढून द्यावे, कारण रायटरच्या या सेटिंग्ज प्रत्येक खात्याच्या स्वतंत्र राहतात.

अशा मशीनवर दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. टूलबारच्या कडेची मूठ माउसने ओढली गेली, तर तो सुटून मजकुरावर तरंगू लागतो. म्हणून त्यावर राइट क्लिक करून त्याची जागा कुलूपबंद करावी. आणि सर्वच विस्कटले, तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या साध्या अवस्थेत, जाऊन इंटरफेसमधले बदल मूळ स्थितीत आणता येतात, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवावे. परत फिरण्याची वाट ठाऊक असली की माणूस बदल करायला बिचकत नाही.

उणीव सांगायची तर एकच, पण ती खटकते. कळफलकाचे शॉर्टकट त्याच कस्टमाइझच्या खिडकीतून फाइलमध्ये जतन करून दुसऱ्या मशीनवर उघडता येतात. टूलबारसाठी तसे बटण तिथे नाही. त्यामुळे दुसऱ्या मशीनवर तीच रचना हवी असेल, तर एकेक बटण पुन्हा हाताने बसवत राहावे लागते किंवा पूर्ण प्रोफाइलच, म्हणजे त्या खात्यातल्या रायटरच्या सगळ्या सेटिंग्जचा साठाच, उचलून न्यावे लागते, आणि लहान दुकानात हे काम नेमके गर्दीच्या हंगामात निघते.