पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी कोणतं प्रशिक्षण? कार्यशाळा, मोबाईलवरचा कोर्स, शिक्षण परिषद आणि वर्गातली सोबत

दुसरीतलं मूल क, म, ळ ही तिन्ही अक्षरं बिनचूक ओळखतं. पण पुस्तकात 'कमळ' शब्द आला की 'क… म… ळ…' म्हणून थांबतं आणि शेजारच्या चित्राकडे बघून 'फूल' म्हणून मोकळं होतं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही जागा ठाऊक आहे. प्रशिक्षणाचा कस इथेच लागतो. त्यातून परतलेल्या बाईंना या मुलाशेजारी बसून पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते कळतं का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. हे तास कुठे घालवायचे हे बरेचदा वरून ठरतं, तरी केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याचे प्रमुख) आणि मुख्याध्यापकांच्या हाती बरंच काही उरतं. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांपुढे असलेले पर्याय इथे या एकाच मुलाला समोर ठेवून तपासले आहेत.

आधी त्या मुलाची अडचण नेमकी पाहू. सुटं अक्षर म्हणताना प्रत्येकाला 'अ' लागतो. 'क-म-ळ' हे तीन ठोके झाले. शब्दात शेवटचा 'अ' गळतो आणि 'कमळ'चे दोनच ठोके उरतात. म्हणजे मुलाने जे म्हटलं ते आणि जो शब्द त्याला माहीत आहे तो, हे दोन्ही कानाला वेगळे लागतात. 'मामा'चं तसं होत नाही. 'मा' आणि 'मा' सुटे म्हणा की जोडून म्हणा, शब्द तोच राहतो. म्हणून चौदाखडी संपेपर्यंत थांबायचं नाही. काना लवकर आणायचा, 'मामा, काका, नाना, दादा' यांवर जोडणं पक्कं करायचं आणि मग 'घर, नळ, बस' अशा शब्दांकडे यायचं. तिथे झाकपट्टीने दुसरं अक्षर झाकून पहिला आवाज लांबवत ठेवायचा आणि न थांबता दुसऱ्यावर सरकायचं. एवढी समज आणि तिचा हातचा सराव शिक्षकापर्यंत कोणता मार्ग पोहोचवतो, ते आता बघू.

तालुक्याची कार्यशाळा

तीन ते पाच दिवस, एका सभागृहात चाळीस-पन्नास शिक्षक. राज्यस्तरावर तयार झालेला तज्ज्ञ जिल्ह्याला सांगतो, जिल्ह्याचा तज्ज्ञ तालुक्याला. प्रत्येक पायरीला काहीतरी गळतं, आणि गळतं ते नेमकं 'का' याचं उत्तर. 'काना लवकर घ्या' एवढी सूचना पोहोचते. 'अ' गळण्याचा भाग वरच राहतो. मग शाळेत एखादं मूल अडलं की शिक्षक पुन्हा 'क कमळाचा' कडे वळतो, कारण सूचनेमागचं कारण हाताशी नसतं.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. सभागृहात मुलं नसतात. सराव होतो तो सहकारी शिक्षकांवर, आणि ते तर अस्खलित वाचणारे. प्रौढ माणसाला अक्षरं जोडताना अडखळताच येत नाही, त्यामुळे मूल कुठे अडतं हे तिथे दिसत नाही. यावर एक खात्रीचा उपाय आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास मोडी लिपीतली आठ अक्षरं आणि दोन मात्रा शिकवा आणि त्यांतूनच बनलेले सहा शब्द वाचायला द्या. देगलूर-बिलोलीकडे अनेकांना तेलुगू वाचता येतं, मोडी मात्र बहुतेकांना कोरी असते, म्हणून मोडीच बरी. वीस वर्षं शिकवलेले गुरुजीही तिथे बोट ठेवून एकेक अक्षर म्हणू लागतात. या अर्ध्या तासानंतरची चर्चा दोन दिवसांच्या भाषणांपेक्षा जास्त कामाची होते.

खर्चाकडेही बघायला हवं. दोनशिक्षकी शाळेतल्या एक बाई पाच दिवस तालुक्याला गेल्या की उरलेल्या गुरुजींकडे चारही वर्ग येतात. म्हणून कार्यशाळा घ्यायचीच तर दोन दिवसांची घ्या आणि दुसरा दिवस एखाद्या शाळेत ठेवा: पाच-पाच शिक्षकांचे गट, प्रत्येक गटाला चार-पाच मुलं, तासभर काम आणि मग चर्चा. मुलांशिवायचे दिवस कितीही वाढवले तरी फरक पडत नाही.

दीक्षावरचे कोर्स

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर पायाभूत साक्षरतेसाठीच्या 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण मालिकेत १२ कोर्स आहेत. त्यांतले वाचन-लेखनाशी थेट भिडणारे मोजकेच: पायाभूत भाषा व साक्षरता, बहुभाषिक शिक्षण आणि अध्ययन मूल्यांकन. बाकीचे उपयोगी असले तरी आपल्या मुलाच्या प्रश्नाला दुरून स्पर्श करतात. पहिल्यापासून सुरुवात करून दमण्यापेक्षा हे तीन आधी घ्यावेत.

फायदा उघड आहे. शाळा बुडत नाही, भाग पुन्हा पाहता येतो, मजकूर वाटेत पातळ होत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. तांड्यावर रेंज नसते, म्हणून सगळं रात्री घरी, घाईत उरकलं जातं. दुसरं म्हणजे प्रमाणपत्र हेच ध्येय होतं. व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करायचं, चाचणीची उत्तरं ग्रुपवर विचारायची, की झालं. याला दोष एकट्या शिक्षकाचा नाही. वरून रोज 'किती जणांनी पूर्ण केलं' एवढाच आकडा मागितला तर हेच होणार.

हा मार्ग चालतो तो जोडीने. दोन शेजारच्या शाळांतल्या बाईंनी मिळून पंधरा दिवसांत एक कोर्स करायचा आणि त्यातली एक कृती वर्गात करून मुलांच्या वह्यांचे फोटो एकमेकींना पाठवायचे. माहितीसाठी हा मार्ग उत्तम आणि स्वस्त आहे. झाकपट्टी धरायचा हात मात्र त्याने तयार होत नाही.

केंद्राची शिक्षण परिषद

हा पर्याय सगळ्यांत दुर्लक्षित आहे. केंद्रातल्या शिक्षकांची ही बैठक दर महिन्याला होते, सगळे जवळचेच, जाण्यायेण्याचा त्रास कमी. पण दिवस जातो तो परिपत्रकं, माहितीचे तक्ते, पोषण आहार आणि ऑनलाइन नोंदींत. वाचन-लेखनाला शेवटची पंधरा मिनिटं उरली तर उरली.

उपाय वेळापत्रकाचा आहे. पहिले दोन तास वह्यांचे, प्रशासनाचं जे असेल ते जेवणानंतर. पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाने तीन मुलांच्या वह्या आणायच्या: एक पुढे गेलेलं मूल, एक मधलं, एक मागे राहिलेलं. अट एकच. फळ्यावरून उतरवलेलं पान चालणार नाही, मुलाने मनाने लिहिलेल्या तीन-चार ओळी हव्यात. पहिल्या महिन्यात बहुतेक वह्यांत असं पानच सापडत नाही, आणि वर्गात लेखन म्हणून काय चाललं आहे हे तिथेच उघड होतं.

मग चुका वेगळ्या करायच्या. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणाऱ्या मुलाचा कान चांगला आहे. घरी बोलतात तसं त्याने लिहिलं. त्याला लगेच खोडरबर देऊ नये. दोन्ही शब्द शेजारी लिहून 'घरी कसं म्हणतो, पुस्तकात कसं' हे दाखवलं की पुरतं. 'पाणी'ऐवजी 'पण' लिहिणारं मूल मात्र मात्रा गाळतंय. त्याला आवाज आणि खूण यांची जोडी पुन्हा करून द्यावी लागेल. 'किती' लिहिताना वेलांटी कुठे टाकावी यात गोंधळणाऱ्याचं दुखणं तिसरंच: पहिली वेलांटी लिहिताना आधी येते आणि उच्चारताना नंतर. रफारातही अशीच अदलाबदल आहे. 'सूर्य'मधला र ऐकू येतो य च्या आधी, पण बसतो य च्या डोक्यावर. तीन चुकांना तीन उपचार. सगळ्यांना एकच उपाय, दहा वेळा लिहून आण, हा यांतल्या एकालाही लागू पडत नाही.

बोलीभाषेचं कामही इथेच होतं. बंजारा तांड्यावरचं मूल घरी आईला 'याडी' आणि भाकरीला 'बाटी' म्हणतं. अशा ओळखीच्या तीस-चाळीस शब्दांची यादी तांड्यावरच्या आयांना विचारून केंद्रातच करता येते आणि वाचनाचे पहिले शब्द त्यांतून निवडता येतात. हे साहित्य पुण्याहून येणार नाही. पुढच्या महिन्यात त्याच तीन मुलांच्या वह्या पुन्हा आणायच्या. मुलं बदलली तर तुलना होत नाही.

वर्गातली सोबत

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी शिक्षक-प्रशिक्षणाचे पाच भाग मांडले: तत्त्व समजणं, प्रात्यक्षिक पाहणं, सराव, प्रतिसाद आणि वर्गातली सोबत. पहिल्या चारांनी कौशल्य येतं, पण ते रोजच्या वर्गात टिकतं मुख्यतः पाचव्यामुळे. लहान मुलांच्या वाचनाला हे अधिकच लागू आहे, कारण तिथला निर्णय क्षणात घ्यायचा असतो.

एक फेरी साधारण दीड तासाची. आधी २० मिनिटं बोलणं: आज कोणती चार मुलं, काय करणार, काय घडेल असं वाटतं. मग ४० मिनिटांचा तास. सोबत करणाऱ्याने मागे खुर्ची टाकून बाईंकडे बघत बसायचं नाही. त्या चार मुलांजवळ खाली बसून ती काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहायचं. दर पाच मिनिटांनी एक खूण: या क्षणी प्रत्येक मुलाच्या हातात मजकूर आहे की नाही? फळ्यावर एक मूल वाचतंय आणि बाकीची ऐकून घोकतायत, हे या खुणांतून लख्ख दिसतं. शेवटी ३० मिनिटं चर्चा. नोंद वाचून दाखवायची, 'तुम्हाला काय दिसलं?' असं विचारायचं आणि बदलायची एकच गोष्ट ठरवायची. पाच सुचवल्या तर एकही होत नाही. दहा ते पंधरा दिवसांत त्याच गोष्टीसाठी पुन्हा भेट. ती लांबली की पहिली भेट वाया गेली असं धरा.

बिघाड कुठे होतो? सोबत आणि तपासणी एकाच माणसाकडे, एकाच दिवशी आली की. हजेरीपट आणि पोषण आहाराची वही मागून झाल्यावर शिक्षक मनातली अडचण सांगत नाही, पाठ केलेला तास करून दाखवतो. म्हणून तपासणीचा दिवस वेगळा ठेवावा. शक्य असेल तर सोबतीला केंद्रातलीच एखादी अनुभवी पहिलीची बाई नेमावी. आणखी एक चूक म्हणजे सोबत करणारा स्वतः खडू हातात घेतो. एकदा करून दाखवणं ठीक, पण प्रत्येक भेटीत तेच झालं तर शिक्षक प्रेक्षक होतो.

हा मार्ग महाग आहे तो वेळेने. केंद्रात पहिली-दुसरीचे १२ शिक्षक धरले आणि प्रत्येकी ६ भेटी, तर ७२ फेऱ्या झाल्या. दिवसाला दोन केल्या तरी ३६ दिवस. ज्या केंद्रप्रमुखांकडे दोन केंद्रांचा भार आहे त्यांना हे जमणारच नाही. अशा वेळी सगळ्यांना वर्षातून एकदा भेटण्यापेक्षा सहाच शिक्षक निवडून त्यांना पुरत्या सहा भेटी द्याव्यात.

संस्थांचे दीर्घ अभ्यासक्रम

मराठीतल्या आरंभिक वाचनावर सोनाळ्याच्या (जि. पालघर) क्वेस्ट या संस्थेने आणि फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने दीर्घकाळ काम केलं आहे. कोणत्याही संस्थेचा कित्येक महिन्यांचा अभ्यासक्रम निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा: स्वाध्याय आपल्याच वर्गातल्या मुलांवर करायचे आहेत का, ते तपासून लेखी प्रतिसाद मिळतो का, आणि प्रत्यक्ष सत्रांना रजा कोण मंजूर करणार? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर केंद्रातल्या एका उत्साही शिक्षकाला जरूर पाठवा. पुढच्या वर्षी सोबत करणारा माणूस त्यातूनच मिळतो.

५० तासांची वाटणी

वरचं सगळं धरून एका शिक्षकाच्या वर्षाचं गणित असं बसतं: मुलांसह दोन दिवसांची कार्यशाळा १२ तास, मोबाईलवरचे निवडक कोर्स १२ तास, आठ शिक्षण परिषदांतले वह्यांचे दोन-दोन तास म्हणजे १६, आणि वर्गातल्या सहा फेऱ्यांचे ९. एकूण ४९, म्हणजे जवळपास ५०. यांतलं एखादं कापावंच लागलं तर कार्यशाळा कापा, वर्गातले ९ तास नको.

दोनशिक्षकी शाळेने कार्यशाळेचे दिवस शाळा सुरू होण्याआधी जूनमध्येच मागून घ्यावेत. शहरालगतच्या, जास्त पटाच्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या असतील तर बाहेरच्या सोबतीची वाट बघू नये. दोन्ही बाईंनी आठवड्यातून एक तास एकमेकींच्या वर्गात बसावं.

बीड जिल्ह्यात शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं जास्त आहेत. दिवाळीच्या सुमारास ती निघतात आणि वर्ग अर्धा होतो. तिथे सहाही भेटी जुलै ते ऑक्टोबरमध्येच उरका. ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत वह्यांच्या जागी दुसरं काम घ्या. जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी अर्धं पान लिहायचं: कोणती अक्षरं येतात, कोणत्या मात्रा येतात, जोडून कोणते शब्द वाचतं, मनाने काय लिहितं. हे पान शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) पालकांच्या हाती द्यायचं आणि त्याचा फोटो आपल्याकडे ठेवायचा. कार्डावर इयत्ता असते, पण साखरशाळेतल्या किंवा कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना त्या मुलाला 'मामा'पासून धरायचं की 'कमळ'पासून, हे या अर्ध्या पानावरून कळतं.