इंकस्केपमधलं नोड स्नॅपिंग: नऊ महिने बोर्डांची अक्षरं जुळवल्यावर

बेळगावजवळच्या खानापुरात आमचं बोर्डाचं काम काकांच्या वेळेपासून आहे. काका पत्र्यावर ऑइल पेंटने अक्षरं काढायचे. आधी खडू लावलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मधे टिचकी मारायची, पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची आणि त्या रेघेला माथा टेकवून एकेक अक्षर खाली उतरायचं. आता मी तेच काम कॉम्प्युटरवर करतो. व्हिनाइल (चिकटवायचा रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) दुकानातच कटरवर कापतो, ॲक्रिलिकची अक्षरं लेझरसाठी बेळगावला उद्यमबागेत देतो. गेले नऊ महिने सगळं ड्रॉइंग इंकस्केप या फुकटच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे. त्याच्या इतर गोष्टींबद्दल मी थोडकंच सांगेन. आमच्या धंद्यात बोर्ड चांगला की वाईट हे माथ्याच्या रेघेवर ठरतं, आणि ती रेघ नोडवर, म्हणजे आकाराची कड ज्या बिंदूंवर बांधलेली असते त्या बिंदूंवर, ठरते. म्हणून लिहायचं ते नोडबद्दलच.

आमच्या भागातला बोर्ड एका लिपीचा नसतो. कन्नड, मराठी, बरेचदा इंग्रजीही. कर्नाटकातल्या २०२४ च्या कायदा दुरुस्तीनंतर नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नडचा आणि तोही वरच्या बाजूला, त्यामुळे मराठी ओळीला जागा कमी उरते. कमी जागेत अक्षरं बसवायची म्हणजे चूक लपत नाही. कन्नडला शिरोरेषा नाही, प्रत्येक अक्षराला आपापला तलकट्टू (माथ्यावरची छोटी खूण) असतो, गोलाई जास्त. तिथे एखादं अक्षर केसभर वर गेलं तर डोळा माफ करतो. मराठीत सगळी अक्षरं एकाच दोरीला टांगलेली. तिथे माफी नाही.

सुरुवातीचे दोन महिने मी चुकीच्या गोष्टीला धरून जुळवत होतो. आधीच्या सॉफ्टवेअरमधल्या सवयीने दोन शब्द निवडायचे आणि वरच्या कडा एका रेषेत आणायचं बटण दाबायचं. नंदगडच्या एका दुकानासाठी ‘किराणा’ लाल आणि ‘दुकान’ निळं करायचं होतं, म्हणून दोन शब्द वेगळे ठेवले होते. बटण दाबल्यावर दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या, पण ‘किराणा’ची वरची कड म्हणजे वेलांटीचं टोक, आणि ‘दुकान’ची वरची कड म्हणजे शिरोरेषा. म्हणजे एकाची वेलांटी आणि दुसऱ्याची शिरोरेषा एका पातळीवर, आणि दोन्ही शिरोरेषांमध्ये चांगला बोटभर फरक. मध्यावर जुळवलं तर आणखी बिघडतं, कारण ‘दु’चा उकार खाली लोंबतो आणि चौकटीचा मध्य खाली ओढला जातो. चौकट, म्हणजे बाउंडिंग बॉक्स, रोमन कॅपिटल अक्षरांना बरी पडते. देवनागरीला ती फसवते. त्या दिवसापासून मी स्नॅपिंगमधून, म्हणजे ओढलेली गोष्ट जवळच्या बिंदूला किंवा रेषेला आपोआप चिकटण्याच्या सोयीतून, चौकट पूर्ण बंद केली ती आजतागायत बंद आहे.

स्नॅपिंगची सगळी बटणं खिडकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आहेत. मे २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून ती एका छोट्या पेटीत आली आणि निवड फाइलपुरती न राहता सगळ्या फाइलींना लागू होऊ लागली. मला हे आवडतं; एकदा बसवलं की रोज नव्याने बसवावं लागत नाही. पेटीतला प्रगत प्रकार उघडा. तिथे टोकदार नोड, गुळगुळीत नोड, पाथ (नोड जोडणारी रेषा), पाथ जिथे छेदतात ती जागा, गाइड (मदतीची रेघ), ग्रिड, मजकुराची बेसलाइन असं बरंच काही वेगवेगळं चालू-बंद करता येतं. नवीन माणूस सगळंच चालू करतो, मीही केलं होतं. मग नोड ओढला की तो पाच ठिकाणी अडकतो, आणि नक्की कशाला चिकटला ते त्या घाईत कळत नाही. चिकटताना बाजूला छोटी अक्षरं उमटतात, कोणता बिंदू कोणत्या बिंदूला लागला ते सांगणारी. ती वाचायची सवय लावून घ्या, फार वेळ वाचतो. माझ्याकडे कायम चालू असतात ते फक्त टोकदार नोड आणि गाइड. बाकीचं लागेल तेव्हा चालू करतो आणि काम झालं की बंद.

गाइड हीच आता माझी सुतळी. वरच्या मोजपट्टीवरून ओढून आणायची, तिच्यावर डबल क्लिक करून नेमका आकडा टाकायचा, आणि प्रत्येक शब्द त्याच्या शिरोरेषेच्या कोपऱ्यातल्या नोडला धरून तिथे टेकवायचा. शब्द ओढताना पॉइंटर त्या कोपऱ्याजवळ ठेवून धरा. प्रेफरन्सेसमध्ये पॉइंटरच्या जवळचाच नोड स्नॅप व्हावा अशी सोय आहे, ती चालू केल्यापासून वेलांटीचं टोक मधे येऊन अडवत नाही.

आता मुख्य दुखणं. मजकूर पाथमध्ये बदलला की प्रत्येक अक्षर सुटं होतं, आणि प्रत्येकाकडे शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो. हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. तसेच कटरला दिले तर सुरी प्रत्येक जोडावर आडवी कापते आणि व्हिनाइल सोलताना माथ्याचे तुकडे हातात येतात. म्हणून ग्रुप सोडवून सगळ्यांचं युनियन, म्हणजे मिळून एकच आकार, करावं लागतं. एकाच फॉन्टमध्ये हे छान जमतं. पण एखादं जोडाक्षर दुसऱ्या फॉन्टमधून घेतलं, किंवा एखादं अक्षर हाताने रुंद केलं, की जोडावर बारीक पायरी पडते. मी चार फुटांचा बोर्ड एकास दहा मापात काढतो. पडद्यावरची पाव मिलिमीटरची पायरी बोर्डावर अडीच मिलिमीटर होते. रस्त्याच्या पलीकडून दिसते.

यावर नोड टूल घेऊन शिरोरेषेच्या वरच्या कडेवरचे सगळे नोड निवडायचे आणि अलाइनची पेटी उघडायची. नोड टूल हातात असताना हीच पेटी वस्तूंऐवजी नोड जुळवते. कशाच्या हिशोबाने जुळवायचं तेही निवडता येतं: पहिला निवडलेला नोड, शेवटचा, मधला, सर्वात वरचा किंवा खालचा. मी शेवटचा ठेवतो. ज्या नोडवर विश्वास आहे तो सर्वात शेवटी निवडायचा, बाकीचे त्याच्या पातळीला येतात. वरच्या पट्टीतल्या वायच्या खान्यात आकडा टाकून हे होत नाही. तिथे आकडा टाकला की निवडलेले नोड सगळे मिळून सरकतात, पायरी तशीच राहते. हे कळायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

नोड एका रेषेत आले तरी रेघ सरळ होईलच असं नाही. दोन नोडमधला भाग वक्र असेल आणि हँडल (नोडमधून निघणारी, वक्र वळवणारी दांडी) तिरकं असेल तर मधे पोट सुटतं. पडद्यावर दिसतही नाही, पण लेझरने ॲक्रिलिक कापल्यावर कडेवर बोट फिरवलं की लागतं. म्हणून अलाइन केल्यावर ते नोड निवडलेलेच ठेवून शिफ्ट आणि एल दाबायचं, म्हणजे मधले भाग सरळ रेषा होतात. मग मधले नको असलेले नोड डिलीट. सिम्प्लिफाय मात्र अक्षरांवर कधीही वापरू नका. नोड कमी होतात खरे, पण शिरोरेषेचे कोपरे गोल होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

आणखी एक, ज्याने माझं एकदा साहित्य गेलं. दोन टोकं स्नॅप होऊन एकमेकांवर बसली म्हणजे जोडली गेली असं नाही. वर वर एकच नोड दिसतो, आत दोन असतात, पाथ उघडाच राहतो. दोन्ही भोवती चौकट ओढून निवडायचे आणि शिफ्ट-जे दाबायचं. तेव्हाच तो एक नोड होतो.

हाताने थोडं सरकवायचं असतं आणि स्नॅपिंग आडवं येतं, तेव्हा शिफ्ट दाबून धरलं की ते तेवढ्यापुरतं थांबतं. फक्त आधी ओढायला सुरुवात करा आणि मग शिफ्ट दाबा. आधी शिफ्ट दाबलं तर नोड सरकण्याऐवजी त्यातून हँडल बाहेर येतं. कंट्रोल धरून ओढलं तर नोड आडवा किंवा उभाच सरकतो. कान्याची दांडी लांब करायला मी हेच वापरतो.

माझा कॉम्प्युटर जुना आहे. गणपतीच्या कमानीसाठी फोटोवरून ट्रेस केलेली वेलबुट्टी उघडली की नोड हजारोंनी असतात आणि पॉइंटर मागे रेंगाळतो. तेव्हा पाथ आणि छेदबिंदूचं स्नॅपिंग बंद करून, नक्षी वेगळ्या लेयरवर कुलूप लावून ठेवतो. फ्लेक्सच्या छपाईसाठी रंग नेमके हवे असतील तर इंकस्केपवर अवलंबून राहू नका, ते मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, चालतं. कापायच्या कामाला रंगाचा प्रश्नच येत नाही, म्हणून मला अडलं नाही. पैसे लागत नाहीत, फाइल एसव्हीजी राहते, एवढं माझ्यासारख्याला पुरे.

काकांना पडद्यावरचं फारसं दिसत नाही, पण बोर्ड दुकानाबाहेर जाण्याआधी ते अजून सुतळी ताणून शिरोरेषेवर धरतात. पहिल्या महिन्यात जांबोटी रोडवरच्या एका हॉटेलच्या बोर्डावर ते म्हणाले होते, “बरोबर दिसालंय, खरं दोरीवर नाही.” मी ती अख्खी ओळ सोलून पुन्हा कापली होती. गेल्या आठवड्यात तीन ओळींचा बोर्ड गेला. काकांनी मराठी ओळीवर सुतळी धरली, एका डोळ्याने पाहिलं, आणि काही न बोलता गुंडाळून खिशात ठेवली.