साग्रादा फामिलिया : टॉवरचे पैसे वाचवा, तळघरात वेळ घालवा

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाची मुख्यतः दोन तिकिटं मिळतात. साधं, ऑडिओ गाइडसह, 26 युरोच्या घरात; आणि टॉवरवर नेणारं, 36 च्या घरात. संभाजीनगर, जालना, लातूरकडून युरोपला जाणारे एक तर महागडं तिकीट घेतात, कारण ‘एवढं लांब आलोच आहोत तर’. नाही तर ग्रुप टूरच्या बसमधून उतरून बाहेरूनच फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परत सीटवर. दोन्हीत तोटा आहे. ज्याचा बांधकामाशी थोडाही संबंध आहे, मग तो गवंडी असो, कंत्राटदार असो, सिव्हिलचा विद्यार्थी असो की घर बांधताना रोज साइटवर उभा राहिलेला घरमालक, त्याने साधं तिकीट घ्यावं आणि आत तीन तास काढावेत. टूरच्या वेळापत्रकात बसत नसेल तर त्या दिवशी ग्रुप सोडावा. मेट्रोच्या एल 2 आणि एल 5 या दोन्ही लाइन दारातच उतरवतात.

तीन तास कशासाठी? कारण हे चर्च म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं चालू असलेली साइट आहे आणि तिचा हिशेब भिंतींवरच लिहिलेला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात डोंगर वरून खाली कोरत आणला, त्यामुळे तिथे सांधाच नाही. इथे खालून वर, चिऱ्यावर चिरा. कुठला चिरा कोणत्या पिढीचा, ते रंगावरून आणि घडाईवरून ओळखता येतं.

प्रवेश पूर्वेकडून, नेटिव्हिटी म्हणजे येशूजन्माच्या दर्शनी भागातून होतो. आत घुसायची घाई करू नका, अर्धा तास इथेच द्या. 19 मार्च 1882 ला पायाभरणी झाली तेव्हा आर्किटेक्ट होता फ्रान्सिस्को दे पॉला देल विलार, आणि आराखडा नेहमीचा गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपी चर्चच्या शैलीचा. बांधकामावरून मतभेद झाले, त्याने काम सोडलं, आणि 1883 च्या अखेरीस 31 वर्षांच्या अंतोनी गाउदीकडे ते आलं. तळघरातलं प्रार्थनास्थळ 1889 ला झालं. 1892 पासून हा पूर्वेचा भाग उभा राहू लागला. गाउदीच्या हयातीत पूर्ण झालेला टॉवर एकच, 1925 चा, संत बार्नाबासच्या नावाचा. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याला ट्रामची धडक बसली आणि तीन दिवसांनी तो गेला. 43 वर्षं काम करूनही चर्चचा चौथा हिस्सा झाला नव्हता.

इथला जुना दगड म्हणजे शहरातल्याच मोंजुइक टेकडीचा वालुकाश्म. टेकडीवरच्या खाणी बंद पडल्यावर नंतरच्या लोकांना रंग आणि ताकद जुळणारा दगड देशोदेशी शोधावा लागला. म्हणून काळवंडलेल्या जुन्या चिऱ्यांशेजारी नवा, फिकट, मशीनवर कापलेला दगड दिसतो. काहींना हे ठिगळ वाटतं. खरं तर दोन्ही दगड एकसारखे रंगवले असते तर फसवणूक झाली असती.

जवळून बघायच्या गोष्टी: मधल्या दाराच्या दोन्ही खांबांखाली एकेक कासव आहे. समुद्राच्या बाजूला समुद्री कासव, डोंगराच्या बाजूला जमिनीवरचं. पायांचा फरक बघा. बायबलमधल्या बालकांच्या हत्येच्या शिल्पातल्या रोमन सैनिकाच्या पायाची बोटं मोजा, सहा आहेत. गाउदी जिवंत माणसांवरून प्लॅस्टरचे साचे काढायचा. ब्राँझच्या दारांवरची पानं आणि त्यांवरचे किडे मात्र अलीकडचे, जपानी शिल्पकार एत्सुरो सोतोओ यांचे.

आत गेल्यावर सगळे वर बघतात. आधी खांबांच्या बुडाशी बघा. खांब चार प्रकारच्या दगडांचे आहेत आणि ज्याच्यावर जेवढं ओझं तेवढा दगड कणखर. सहा कोनी खांब वालुकाश्माचा, व्यास 1.05 मीटर. आठ कोनी ग्रॅनाइटचा, 1.4 मीटर. दहा कोनी बेसाल्टचा, 1.75 मीटर. आणि मध्यावर बारा कोनी, लालसर पॉर्फिरीचे चार, 2.1 मीटरचे. त्यांतला बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. वेरूळ-अजिंठ्याच्या लोकांनी निदान त्याला तरी ओळख द्यावी. तळाशी कोन स्पष्ट दिसतात, वर जाताना दुप्पट-चौपट होत जवळजवळ गोल होतात. हे कसं होतं? एकाच आकाराला डावीकडे आणि उजवीकडे असे दोन पीळ द्यायचे, आणि दोन्हींत जेवढं सामाईक उरेल तेवढाच दगड ठेवायचा. पुढे खांबाला फांद्या फुटतात आणि छताचं ओझं तिरकं खाली येतं. गॉथिक चर्चला बाहेरून आधाराच्या कमानी लावाव्या लागतात. गाउदी त्यांना कुबड्या म्हणायचा. इथे त्या नाहीत. मुख्य दालनाचं छत 45 मीटरवर, मध्यभागी 60, वेदीवर 75, तरी कुठे टेकू नाही.

काचांची वेळ सांभाळा. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी पहिल्या स्लॉटला गेलात तर गर्दी कमी आणि थंड रंग. सूर्यास्ताआधी दोन तास गेलात तर रंग भडक आणि गर्दी मरणाची. भर दुपारचा स्लॉट मात्र घेऊ नका. उजेड वरून येतो आणि रंग फरशीवर उतरत नाही.

आता तळघरातलं म्युझियम. खरे पैसे इथे वसूल होतात, आणि टूरवाले नेमकं हेच गाळतात.

पहिली गोष्ट, उलटं टांगलेलं मॉडेल. हे कोलोनिया ग्वेल या कामगार वसाहतीतल्या गाउदीच्या दुसऱ्या चर्चसाठीच्या मॉडेलची प्रतिकृती आहे. दोऱ्या छताला टांगून त्यांना छर्रे भरलेल्या छोट्या पिशव्या लावल्या. दोरी फक्त ताण घेते. ती लोंबते तो आकार उलटा केला की कमान फक्त दाब घेते. दगडाला तेवढंच हवं असतं. कॅल्क्युलेटर नसताना केलेली ही डिझाइन कॅल्क्युलेशन्स आहेत.

दुसरी, प्लॅस्टरचे तुकडे. 20 जुलै 1936 ला, स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, जमावाने तळघर आणि कार्यशाळा पेटवली, नकाशे जळले, मॉडेल्स फोडली. उरले ढिगाने तुकडे. त्यातून पुढचं काम कसं झालं, याचं उत्तर भूमितीत आहे. गाउदीचे बहुतेक वक्र सरळ रेषांनी बनतात. दोन कडी घ्या, त्यांच्यात उभ्या दोऱ्या ताणा, वरचं कडं थोडं फिरवा. मध्ये कंबर असलेला वक्र तयार. गवंड्याला दोरी आणि ओळंबा वापरून तो बांधता येतो. आणि पृष्ठभाग अशा नियमाने बनलेला असेल तर मोजक्या मापांवरून आख्खा परत मांडता येतो, मग मॉडेलचा चुरा का झालेला असेना. वर्षानुवर्षं हे काम हाताने चाललं. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून कॉम्प्युटर आले आणि विमानांसाठी बनलेलं सॉफ्टवेअर दगडावर चालवलं गेलं.

काम थांबवा म्हणणारेही होते. 1965 मध्ये वृत्तपत्रात एक पत्र छापून आलं, सह्यांमध्ये चंदीगडचा आर्किटेक्ट ल कोर्बुझिए! मूळ नकाशे नाहीत, तर पुढचं बांधणं गाउदीचं कसं, असा मुद्दा. म्युझियम बघून झाल्यावर तो मुद्दा निम्मा तरी पटतो. पश्चिमेच्या पॅशन, म्हणजे येशूच्या यातनांच्या, बाजूची शिल्पकार सुबिराक्सची टोकदार शिल्पं बघितली की थोडा जास्तच. पण ती सुबिराक्सची आहेत, गाउदीची नक्कल नाही, हे बरंच.

मराठवाड्यातल्या माणसाने सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते मधल्या उंच टॉवरांच्या दगडी पॅनेलकडे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जी घरं पडली त्यांच्या भिंती रुंद, दगड-मातीच्या, आतला-बाहेरचा थर बांधणारे आडवे दगड नाहीत, आणि वर माळवदाचं ओझं. दाबाला दगड पक्का, ताणाला कच्चा; भिंत हलली की ताण आलाच. तेव्हापासून आपल्याकडे दगड म्हटलं की धोका, असं समीकरण झालं. इथे त्याच दुखण्यावर उपाय केलाय. दगडांना भोकं पाडून त्यांतून स्टेनलेस स्टीलच्या सळया आरपार घातल्या, त्या ताणून टोकांना कसल्या. दगड कायम दाबाखाली राहतो, त्यामुळे वारा किंवा भूकंप आला तरी सांधा उघडत नाही. भिंत पातळ ठेवता आली, वजन जवळपास निम्म्यावर आलं. आणि ते आणावंच लागलं, कारण खालचे खांब आणि पाया आधीच बांधून झालेले होते. पॅनेल शहराबाहेरच्या यार्डात जुळवून ट्रकने आणतात, क्रेनने चढवतात. स्टेनलेस का? साधी सळई गंजली की फुगते आणि दगड फोडते; आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या छज्ज्याखाली हे दिसतं.

याच पद्धतीने 138 मीटरचा मेरीचा टॉवर 2021 ला पूर्ण झाला आणि येशूच्या टॉवरने ऑक्टोबर 2025 मध्ये जर्मनीतल्या उल्म चर्चला उंचीत मागे टाकलं. ठरलेली उंची 172.5 मीटर, मोंजुइक टेकडीपेक्षा मुद्दाम कमी. हे चर्च देणग्यांवरच बांधायचं असं पहिल्यापासून ठरलेलं. आता मोठा पैसा तिकिटांतून येतो. 2020 ला कोविडमध्ये पर्यटक बंद झाले तशी कामाची गती बसली आणि गाउदीच्या मृत्यूच्या शताब्दीला, 2026 ला, सगळं संपवण्याचा बेत बारगळला. आणखी एक गंमत: महापालिकेची रीतसर बांधकाम परवानगी मिळाली 2019 ला, 137 वर्षांनी. आपल्याकडचे गुंठेवारीवाले उगीच घाबरतात.

टॉवर का नको? लिफ्टने फक्त वर नेतात, उतरायचं अरुंद गोल जिन्याने. गुडघे दुखत असतील तर विषय संपला. सहा वर्षांखालची मुलं चालत नाहीत. वारा-पाऊस असला की टॉवर बंद. नेटिव्हिटी की पॅशन, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावं लागतं. आणि वरून दिसतं ते शहर, चर्च नाही. जायचंच असेल तर नेटिव्हिटी घ्या, निदान जुनी घडाई हाताच्या अंतरावर येते.

बुकिंग ऑनलाइन आणि अधिकृत साइटवरूनच, सीझनमध्ये काही आठवडे आधी. तिकिटावरची वेळ पाळा. 11 वर्षांखालच्यांना मोफत आहे, पण त्यांचंही तिकीट बुकिंगमध्ये टाकावं लागतं. ऑडिओ गाइड मोबाइल अ‍ॅपवर चालतो. हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवा, इअरफोन स्वतःचे न्या. दारात विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा सुपारीचा अडकित्ता बॅगेत नको. खांदे झाकलेले हवेत, टोपी काढावी लागते. साडी किंवा पंजाबी ड्रेसला अडचण नाही.

दक्षिणेचा ग्लोरी दर्शनी भाग अजून बाकी आहे. मुख्य दार खरं तर तेच, पण त्यापुढच्या भव्य जिन्यासाठी समोरच्या इमारती पाडाव्या लागतील आणि तिथले रहिवासी हटायला तयार नाहीत. त्या बाजूला रस्त्यावरून एक फेरी मारा, तिकीट लागत नाही. ज्यांना अजिबात खर्च नको त्यांच्यासाठी रविवारी सकाळी 9 ची आंतरराष्ट्रीय मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मोफत असते; जागा भरेपर्यंतच सोडतात, म्हणून तासभर आधी रांगेत उभं राहा. मिस्सा संपली की बाहेर पडावं लागतं, फिरता येत नाही, आणि म्युझियम त्यात येत नाही.