जुना संगणक बंद पडतोय: परवान्याचं सॉफ्टवेअर नव्यावर न्यायचं कसं?

पुण्यातल्या पेठांमधल्या डीटीपीच्या टेबलांवर अजूनही विंडोज एक्सपीवर पेजमेकर ७ (पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर) आणि श्री-लिपी (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं) चालते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की मजकूर वाचता येत नाही, म्हणून तो संगणक सांभाळावा लागतो. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये तसंच एखादं जुनं डिझाइनचं किंवा मशीनचं सॉफ्टवेअर असतं. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की चार वाटा समोर येतात: नव्यावर पुन्हा इन्स्टॉल करणं, डिस्क जशीच्या तशी नव्या मशीनला लावणं, जुना संगणक व्हर्च्युअल मशीन म्हणून (म्हणजे नव्या संगणकातच एका खिडकीत) चालवणं, किंवा जुनाच दुरुस्त करणं.

वाट निवडण्याआधी डिस्कची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपात हुबेहूब प्रत, घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ किंवा सी६ या (खराब सेक्टरच्या) ओळींतला आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क विंडोजमधून कॉपी करत बसू नका. खराब सेक्टरवर विंडोज पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करतं आणि उरलेली डिस्कही जाते. ती काढून दुसऱ्या संगणकाला लावा, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तो सुरू करा आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचवायचं साधन वापरा. पहिल्या फेरीत चांगला भाग उचला आणि खराब भाग सोडा. नंतरच्या फेरीत त्यावर दोन-तीन प्रयत्न. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवली तर मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

आता परवाना कशाला बांधलाय ते पाहा, कारण निर्णय त्यावरच आहे. नुसता सिरीयल नंबर असेल (पेजमेकर ७ तसं आहे) तर फारसा प्रश्न नाही. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन असेल तर जुना संगणक सुरू होतोय तोवरच परवाना सोडवून घ्या: अडोबीच्या सीएस५, सीएस६ मध्ये हेल्प मेनूत डीॲक्टिव्हेट असतं (सीएस२ ते सीएस४ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर आता बंद आहेत), टॅलीत लायसन्स सरेंडर करता येतं. तिसरा प्रकार हार्डवेअरच्या ओळखीचा, आणि यात बारकावा आहे. पार्टिशनचा व्हॉल्यूम सिरीयल सेक्टर-टू-सेक्टर क्लोनमध्ये (हुबेहूब प्रतीत) तसाच येतो. डिस्कचा कारखान्यातला सिरीयल येत नाही, नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेसही येत नाही. परवाना या दोन्हींपैकी कशावरही असेल तर कंपनीकडून नव्या मशीनसाठी नवीन परवाना फाइल घ्यावी लागते. चौथा प्रकार डोंगलचा, म्हणजे पोर्टला लावलेली छोटी किल्ली असेल तरच सॉफ्टवेअर चालतं.

पुन्हा इन्स्टॉल करणं कागदावर सगळ्यात स्वच्छ, पण विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे आणि त्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी ३२ बिट सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटचा असतो, त्यामुळे सीडी हातात असूनही सेटअप सुरूच होत नाही. डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोजच्या मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षा सोयीमुळे अडतो. ते बंद करण्याआधी डोंगल बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर शोधा. मूळ कंपनी चालू असेल आणि नवी आवृत्ती परवडत असेल, तरच ही वाट धरा.

डिस्क नव्या मशीनला सरळ लावणं आम्ही सुचवत नाही. एक्सपीकडे नव्या सॅटा कंट्रोलरचा (डिस्क जोडणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर नसतो, निळ्या पडद्यावर ७बी ही चूक (डिस्क सापडत नाही) येते आणि दिवस वाया जातो.

बहुतेकांनी व्हर्च्युअल मशीनच निवडावं. डिस्क अजून धड असेल तर डिस्कटूव्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन चालू संगणकावरच व्हीएचडी फाइल बनवतं (एक्सपीसाठी त्याची जुनी आवृत्ती लागते). व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपीचं मशीन करताना डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीच्या) कंट्रोलरला जोडा. सॅटाला जोडली तर इथेही ७बी येते. १ जीबी रॅम पुरते. डोंगल यूएसबीचं असेल तर यूएसबी १.१ किंवा २ निवडा, एक्सपीला यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसतो, आणि डोंगलचं फिल्टर लावा, म्हणजे ते आपोआप व्हर्च्युअल मशीनला मिळतं. विंडोजबरोबरच्या हायपर-व्हीमध्ये डोंगल असं आत देता येत नाही, म्हणून या कामाला ते नको. नेटवर्क बंदच ठेवा: एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं, आणि संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या संगणकापुरताच असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये रिटेल (वेगळा विकत घेतलेला) परवाना वापरा. शिवाय काही सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीन ओळखून चालायला नकार देतात.

डोंगल २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टचं असेल तर जुना संगणक दुरुस्त करा. यूएसबी-टू-प्रिंटर केबलवर ते दिसत नाही, कारण तिथे खरा पोर्टच नसतो. पीसीआय एक्सप्रेस कार्डवर पोर्ट असतो, पण त्याचा पत्ता सहसा जुन्या पोर्टसारखा ३७८ नसतो आणि जुने ड्रायव्हर ३७८ वरच पाहतात. दुरुस्ती स्वस्त असते: नवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), छोटी एसएसडी (बोर्ड जुनं असेल तर आयडीई ॲडॉप्टरसह) आणि मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल, जो पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. सेल संपला की तारीख मागे जाते आणि मुदतीचे परवाने घड्याळाशी छेडछाड झाली असं समजून बंद होतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील तर मात्र ही दुरुस्ती काही महिन्यांचीच समजा आणि तेवढ्यात कंपनीकडे यूएसबी डोंगल बदलून मागा. श्री-लिपीची मॉड्युलर इन्फोटेक आणि आयएसएम या तशाच सॉफ्टवेअरची सी-डॅक दोघीही पुण्यातल्याच आहेत. सिरीयल नंबर, बिल आणि जुनं डोंगल घेऊन विचारायला जाता येतं. डोंगल हरवलं तर बऱ्याच कंपन्या परवानाच हरवला असं धरतात, म्हणून जुनं हातात असतानाच जा.